उजव्या चाकामागच्या चकत्या

"काका, गाडी उजवीकडं ओढून रायली. स्टेअरिंग थोडं ढिलं सोडलं की समोरच्या ट्रकच्या अंगावर जाते."

"काही ओढत नाई. सुतासारखी सरळ जाते. हिलेच चालवता येत नाई."

बाप एका दाराशी, लेक दुसऱ्या दाराशी आणि मध्ये पांढरी पिकअप. सकाळची वेळ होती, मी नुकतंच शटर उघडलं होतं. एका गाडीबद्दल दोन माणसांची दोन मतं असणं माझ्या धंद्यात नवं नाही. नवरा म्हणतो गाडी थरथरते, बायको म्हणते तुम्ही थरथरता. पण इथे गोष्ट वेगळी होती. दोघंही रोज चालवणारे, दोघंही शहाणे, आणि दोघंही शपथेवर सांगत होते.

अमरावतीत मोर्शी रोडवर माझं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. मी वानखडे, मूळचा अकोल्याचा. काम तिथेच शिकलो, लग्नानंतर इकडे आलो आणि मशीन टाकली. बोर्डावर 'कॉम्प्युटराइज्ड' हा शब्द सगळ्यात मोठा लिहून घेतला आहे. तरी या बापासाठी, महादेवरावांसाठी, मी पहिल्या दिवसापासून 'मिस्त्री'च.

महादेवराव शेंदूरजनाघाटचे. घरची संत्र्याची बाग, शिवाय गावातला माल गाडीत भरून अमरावतीच्या बाजारात आणायचा, हे त्यांचं काम. ड्रायव्हर कधी ठेवला नाही. माझं दुकान उघडलं तेव्हा मशीनवर चढलेली पहिली गाडी त्यांची. तेव्हा जुनी गाडी होती, ही दुसरी. दरवर्षी आंबिया बहाराचा, म्हणजे दिवाळीच्या सुमाराचा, पहिला तोडा झाला की एक कॅरेट माझ्या टेबलावर येऊन पडायचं. फळ स्वतः निवडलेलं असायचं. मी आढेवेढे घेतले की म्हणायचे, "मिस्त्री, तुह्यासाठी नाई आणलं. तुह्या मशीनले निवद हाय."

लेक वनिता. शेतकी शिकलेली, तिशीच्या आसपासची, बोलायला रोखठोक. व्यापाऱ्यांशी भाव तीच करते. गाडी बापानेच शिकवली तिला. यंदा मृग बहाराचा, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारा, माल जास्त होता म्हणून गाडीला दोन फेऱ्या होत्या. सकाळी बागेतून वरुडपर्यंत वनिता, दुपारी अमरावतीला महादेवराव. म्हणजे एका स्टेअरिंगवर दोन माणसांचे हात.

मी चहा सांगितला आणि गाडी मशीनच्या रॅकवर घेतली.

आता थोडं आमच्या भाषेबद्दल, म्हणजे पुढचं समजेल. माणूस चालताना कोणाची पावलं आत वळतात, कोणाची बाहेर. चाकांचं तसंच असतं, त्याला आम्ही 'टो' म्हणतो. दुसरी गोष्ट कॅम्बर. गाडीच्या समोर उभं राहून पाहिलं तर चाक ताठ उभं आहे की डोक्याकडून आत-बाहेर कललंय, तो कोन म्हणजे कॅम्बर. दोन्ही पुढच्या चाकांचा कॅम्बर सारखा नसला, तर ज्या चाकाचं डोकं जास्त बाहेर, त्या बाजूला गाडी ओढते. या पिकअपमध्ये तो कोन बदलायला चाकामागच्या आर्मजवळ पत्र्याच्या पातळ चकत्या घालतात. त्यांना शिम म्हणतात. चकती घातली, काढली की चाकाचं डोकं हलतं. एवढंच शास्त्र आहे. बाकी नुसती अंगमेहनत.

सेन्सर लावले. स्क्रीनवर डावं चाक हिरवं, उजवं लालभडक. उजव्या चाकाचं डोकं भलतंच बाहेर पडलं होतं. टायरवर हात फिरवला तर बाहेरची कड घासून गुळगुळीत, आतल्या कडेची नक्षी जशीच्या तशी.

"वनिता बरोबर सांगून रायली," मी म्हणालो.

महादेवराव स्क्रीनकडे पाहीनात. "तुह्या मशीनले रस्ता माहीत हाय काय? रस्ता मले माहीत हाय."

एका अर्थाने त्यांचं खरं होतं. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. आपण डावीकडून चालतो, म्हणून प्रत्येक गाडी थोडी डावीकडे घसरते. ते सावरायला मीही उजव्या चाकाचं डोकं अगदी किंचित बाहेर ठेवतो. पण हा फरक किंचित नव्हता. भाजीत मीठ घालणं वेगळं आणि मिठाची भाजी करणं वेगळं.

खाली वाकून टॉर्च मारला. बाकी सगळ्या शिमवर काळ्या मातीचा आणि ग्रीसचा थर होता. उजव्या बाजूला मात्र काही चकत्या नव्या, चकचकीत. म्हणजे हे झिजून झालेलं नव्हतं, कोणीतरी मुद्दाम केलं होतं.

"हे कोणं टाकले?"

"परतवाड्यात लावून घेतली," महादेवराव म्हणाले. "हातावर."

हातावर लावणं ही आमच्या भागातली जुनी रीत आहे. संत्र्याच्या पट्ट्यात बहुतेक गाड्यांना एकच धनी, तोच ड्रायव्हर. मिस्त्रीकडे मशीन नसते. तो शेजारी बसून एक चक्कर मारतो. तुम्ही स्टेअरिंग कसं धरता, कोणत्या हातावर भार टाकता, ते बघतो आणि अंदाजाने शिम घालतो. विळ्याची मूठ घासून घासून धन्याच्या हाताची होते, तशी गाडी त्या माणसाच्या हाताची होते. मी या रीतीला नावं ठेवत नाही. माझे उस्ताद अकोल्यात असंच काम करायचे, आणि त्यांची गाडी परत आलेली मी पाहिली नाही. पण ही रीत एका हातासाठी आहे. दुसरा हात बसला की गाडी त्याची वैरीण होते.

मी तेच सांगितलं. "भाऊ, आता दोघं चालवता न? मंग गाडी मापातच पाहिजे."

"तिले म्हणा, माह्या हातासारखा हात ठेव."

"बाबा, मी रोज वरुड रोडले जीव मुठीत धरून चालवून रायली," वनिता म्हणाली. "काल एक एसटी घासून गेली. आरसा गेला, तुमी पाहिला न?"

आरसा खरंच नव्हता. महादेवरावांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग चहाचा ग्लास उचलला. डाव्या हाताने. मी ते पाहिलं आणि माझ्या मनात काहीच आलं नाही. उजव्या हाताला ग्रीस लागलं असेल, नाहीतर नसेल. दिवसाला इतके लोक माझ्यासमोर चहा पितात.

"कर मंग तुले काय कराचं थे," ते म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

मी त्या चकचकीत चकत्या काढल्या आणि टेबलाच्या खणात टाकल्या. कॅम्बर जागेवर आणला, टो बांधला. सगळं हिरवं. वनिताला घेऊन माहुलीकडे चक्कर मारली. एका मोकळ्या पट्ट्यावर तिने दोन्ही हात स्टेअरिंगपासून बोटभर वर उचलले. गाडी नाकासमोर गेली. ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल. तिने फक्त मान हलवली आणि विचारलं, "आता बाबानं चालवली तं काय होईन?"

"काय होईन? सरळच जाईन."

तिने गाडी दुकानाकडे वळवली.

चार-आठ दिवसांनी महादेवराव एकटेच आले. हॉर्न वाजवतच शेडमध्ये शिरले.

"मिस्त्री, गाडीची वाट लावली तू. डावीकडं पळते. काल मोर्शीच्या पुढं नालीत जाता जाता वाचलो."

माझ्या कामावर बोट ठेवलं की माझं डोकं फिरतं, हे मी कबूल करतो. गाडी रॅकवर घेतली. सगळं हिरवं. हवा तपासली, बरोबर. कधी कधी टायरच्या घडणीत दोष असतो आणि तो गाडी ओढतो, म्हणून पुढचे दोन्ही टायर इकडचे तिकडे केले. ब्रेक एका बाजूला चिकटतो का ते पाहायला चाकं उचलून हाताने फिरवली. बॉल जॉइंट हलवून पाहिले. काही नाही. मी स्वतः चक्कर मारून आलो. गाडी अशी सरळ की मला माझाच अभिमान वाटला.

"भाऊ, गाडीत काहीच नाई."

"म्हंजे मी खोटा बोलून रायलो?"

"मंग चला. तुमी चालवा, मी बसतो."

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा महादेवरावांच्या शेजारी बसलो. इतकी वर्षं त्यांच्या गाड्यांखाली झोपलो, शेजारी कधी बसलो नव्हतो. ते निघाले. जुना ड्रायव्हर तो जुना ड्रायव्हर. गिअर कसा पडला ते कळलंसुद्धा नाही. नाक्याच्या गर्दीतून गाडी लोण्यातून काढावी तशी काढली. पुढे रस्ता मोकळा झाला. आणि गाडी डावीकडे जायला लागली.

हळूहळू, पण जायला लागली. त्यांनी सावरली. परत गेली. परत सावरली.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "पाह्यलं का आता?"

मी बोनेटकडे पाहत होतो, रस्त्याच्या उताराकडे पाहत होतो. माझी नजर सवयीने लोखंडावरच जाते. मग कुठे ती स्टेअरिंगवर आली. डावा हात घट्ट, शिरा ताणलेल्या. उजवा हात स्टेअरिंगवर नुसता ठेवलेला. बोटं कडेवर टेकली होती, पण मिटली नव्हती. डावा हात आपल्या वजनाने स्टेअरिंग खाली ओढत होता आणि त्याला अडवायला उजवीकडे कोणीच नव्हतं.

मला संशय आला. तरी खात्री करायची म्हणून मी म्हणालो, "भाऊ, धूळ येऊन रायली. तुमच्या बाजूचा काच वर घ्या न."

काचेचं हँडल त्यांच्या उजव्या बाजूला, दारावर. त्यांनी गाडी हळू केली, डावा हात पोटावरून आडवा नेला आणि काच फिरवली. तेवढा वेळ उजवा हात स्टेअरिंगवर तसाच पडून होता.

"भाऊ, गाडी बाजूले घ्या."

रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली त्यांनी गाडी उभी केली. इंजिन बंद केलं नाही. मी किल्ली फिरवली.

"हात कधीपासून असा हाय?"

त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता शिव्या बसणार. शिव्या बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आंबियाचा तोडा सुरू होता," ते म्हणाले. "सकाळी उठलो तं हात झोपेल. म्हटलं अंगाखाली दबला असन. दोन-चार दिवसानं परत आला. पुरा नाई आला."

"डॉक्टरले दाखवलं?"

"डॉक्टरनं पयले चाबीच काढून घेतली असती." मग थांबून म्हणाले, "गाडी डावीकडं जाऊ लागली न, तं मले वाटलं गाडीच बिघडली. खरंच वाटलं, मिस्त्री. खोटं नाई बोलून रायलो. म्हणून परतवाड्याले नेली. त्या माणसानं हातावर लावून देल्ली. गाडी सरळ जाऊ लागली. तवा मले वाटलं…"

"काय वाटलं?"

"वाटलं, हातच सुधरला."

मी माणसाचा डॉक्टर नाही. माझ्याकडे आलेल्या माणसाला मी गाडीतला दोष दाखवतो, तो दुरुस्त करतो आणि हिरवी स्क्रीन दाखवतो. इथे मी दोष काढला तेव्हाच या माणसाचा हात उघडा पडला होता. मी नीट काम केलं होतं, अगदी मापात केलं होतं, आणि त्याचं मला इतकं वाईट वाटलं की दरवाजा उघडून पायी निघून जावंसं वाटलं.

"परत तशीच लावून दे," महादेवराव म्हणाले. आवाजात हुकूम नव्हता. "त्या चकत्या हायेत न तुह्याजवळ? टाकून दे परत. कोणाले काय समजते?"

"वनिता चालवते न गाडी."

"तिले नाई देत चालवाले. एक ड्रायव्हर ठेवतो तिच्या फेरीले. दुसऱ्या गाडीवर."

"आन् हात आणखी गेला तं? तवा आणखी किती शिम टाकू? असं कुठवर चालन?"

"जवर चालते तवर."

"नाई जमत, भाऊ."

"तुह्या मशीनवर पयली गाडी माही होती."

"म्हणूनच नाई जमत."

हे वाक्य मी बोललो खरा, पण बोलताना त्यांच्याकडे पाहण्याची हिंमत झाली नाही. त्यांनी मला लहानाचा मोठा केला नव्हता, पण माझं दुकान मोठं होताना त्यांनी पाहिलं होतं. गावातल्या सगळ्या गाड्या त्यांनीच माझ्याकडे पाठवल्या. एकदा मशीन बंद पडली तेव्हा लोक दुसरीकडे गेले, हे मात्र थांबले. त्या माणसाने जन्मात एक गोष्ट मागितली आणि ती मला देता आली नाही. दिली असती तर मी गुन्हेगार झालो असतो. नाही दिली तरी त्या दिवशी काही मोठा पुण्यवान झाल्यासारखं वाटलं नाही.

आम्ही जागा बदलल्या. ते उतरून बोनेटला वळसा घालून आले आणि डाव्या सीटवर बसले. दार लावायला दोनदा ओढावं लागलं. त्या बाजूच्या दाराची त्यांना सवयच नव्हती. परत येताना मीच चालवत होतो. गाडी सरळ चालली होती आणि मला ते नकोसं झालं होतं.

दुकानात आल्यावर त्यांनी डावा हात पुढे केला. "चाबी."

"वनिता येईन. मी फोन करतो."

"तिले काहून सांगतं तू? तुहा काय संबंध?"

मी फोन केला. माझ्या समोरच ते उठले आणि शेडबाहेरच्या जुन्या टायरांच्या थप्पीवर माझ्याकडे पाठ करून बसले. चहा पाठवला तो तसाच निवला, त्यावर साय धरली. मधे दोन गिऱ्हाईकं आली आणि गेली. काय काम केलं ते मला आठवत नाही.

वनिता वरुडहून एसटीने आली. मी तिला आत बोलावलं. शब्द जुळवत होतो, कुठून सुरू करावं कळत नव्हतं. तिनेच थांबवलं.

"माहीत हाय मले, काका."

"काय माहीत हाय?"

"बाबाचा हात. दिवाळीनंतरपासून बाबा चमच्यानं जेवून रायले. जन्मात चमच्याले हात नाई लावला त्यायनं. भाकर असली तं भूक नाई म्हणते. आईनं विचारलं तं ताट लोटून देल्लं. मी एकदा म्हटलं, बाबा, दवाखान्यात चला, तं आठ दिवस बोलले नाई माह्याशी."

"मंग गाडी अठी काहून आणली तू?"

ती खाली पाहत होती. "गाडी ओढे, हे तं खरंच होतं. पण मले दिसून रायलं होतं न, की बाबाच्या हातात तीच गाडी सरळ जाते. कशी जाते थे समजलं होतं मले. घरात कोणी बोलू शकत नाई. म्हटलं, गाडी मापात आली की बाबाले सोताच समजन, तुमची मशीन सांगन. मशीनवर तं बाबाले राग येणार नाई."

मला आधी राग आला. सरळ सांगतो. बापाशी बोलायचं धाडस नाही म्हणून पोरीने काम माझ्यावर ढकललं, आणि मी अंगठा उठवल्यासारखं केलं, असं वाटलं. मग तिचा चेहरा पाहिला. ती रडत नव्हती, पण ओढणीचं टोक तिने बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. राग गेला. "मशीनवर नाई आला राग," मी म्हणालो. "माह्यावर आला."

"मले वाटलं नव्हतं तुमी शेजारी बसान म्हणून," ती म्हणाली.

त्या दिवशी वनिताने गाडी चालवली आणि बाप-लेक आधी इथल्याच एका दवाखान्यात गेले. तो अर्धांगवायूचा झटकाच होता, सौम्य. डॉक्टर म्हणाले, त्याच दिवशी आले असते तर गोष्ट वेगळी होती. आता दुसरा येऊ नये हे पाहायचं. गोळ्या सुरू झाल्या, रबरी चेंडू दाबायचा व्यायाम सुरू झाला. गाडी बंद. हे सगळं वनिताने फोनवर सांगितलं. शेवटी म्हणाली, "बरं झालं काका, तुमी सांगितलं." मीही म्हणालो, बरं झालं. दोघांच्याही आवाजात बरं झाल्यासारखं काही नव्हतं.

वनिता टायर बदलायला, अलाइनमेंटला येत राहिली. एकटी. विचारलं तर म्हणायची, हात थोडा सुधरला, स्वभाव नाई सुधरला. दुपारी गाडी सुटायच्या वेळेला महादेवराव फाटकाशी येऊन उभे राहतात, दोऱ्या ताणून पाहतात, डाव्या हाताने टायरवर थापटी मारतात आणि आत निघून जातात, असं तिनेच सांगितलं.

आंबिया आला. वनिताने एक कॅरेट आणून टेबलावर ठेवलं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "बाबानं नाई पाठवलं, काका. खोटं कशाले बोलू? मीच आणलं." फळ चांगलं होतं. पण निवडलेलं नव्हतं, भरलेलं होतं. खालच्या थरात एक-दोन नरम निघाली. महादेवरावांच्या कॅरेटमध्ये कधी निघाली नव्हती. आपल्या हातून वाईट काही झालं नाही, हे मला ठाऊक आहे. तसा प्रसंग परत आला तर मी परत तेच करीन. पण एखादं माणूस आपल्याला सोडून गेलं आणि आपलं चुकलेलं नसलं, तर माफी तरी कशाची मागायची? चूक असती तर जाऊन पाय धरले असते.

बहार संपत आला तेव्हा एका दुपारी पिकअप शेडमध्ये शिरली. वनिता उतरली. मग डावं दार उघडलं आणि महादेवराव उतरले. अंगाने वाळले होते. टोपी स्वच्छ होती. माझ्याकडे न पाहता ते रॅकजवळ उभे राहिले.

मी सेन्सर लावले. स्क्रीनवर एक एक आकडा आला. त्यांनी पहिल्यांदाच त्या स्क्रीनकडे नीट पाहिलं.

"हिरवं म्हंजे बरोबर न?"

"हो जी."

"येता येता वनिताले म्हटलं, सोड हात. माहुलीच्या पट्ट्यावर." त्यांनी घसा साफ केला. "सरळ जाते गाडी. मी नसलो तरी."

वनिता टायर पाहायचं निमित्त करून गाडीच्या मागे गेली. मी चहा मागवला. महादेवरावांनी ग्लासाकडे थोडा वेळ पाहिलं. मग उजवा हात पुढे केला. बोटं हळूहळू मिटली, ग्लास हलला, थोडा चहा सांडला. खालून त्यांनी डाव्या हाताचा आधार दिला आणि एक घोट घेतला. मी दुसरीकडे पाहत राहिलो.

जाताना ते टेबलापाशी थांबले.

"मिस्त्री, माह्या चकत्या हायेत काय?"

मी खण उघडला. तिथेच होत्या, अजून चकचकीत. वाटलं, घेऊन जातील. त्यांनी हात लावला नाही. नुसत्या पाहिल्या.

"दुसऱ्या कोणाले लावू नको," ते म्हणाले आणि डाव्या दाराकडे गेले.

त्या मी भंगारात टाकल्या. तेव्हापासून गाडी ओढते अशी तक्रार आली की मी लगेच मशीन सुरू करत नाही. आधी विचारतो, चालवतो कोण. मग त्याला बसवतो, चहा मागवतो आणि ग्लास तो कोणत्या हाताने उचलतो ते पाहतो. लोकांना वाटतं, वानखडे मिस्त्री मोठा अगत्याचा माणूस आहे.